रेंजबाहेरचा आठवडा
अलास्काच्या बोटीवरची दैनंदिनी

रविवार, सिएटल

पिअर ९१ पर्यंत टॅक्सी ६२ डॉलर. सामान उचलणाऱ्याला १०. रांगेत पावणेदोन तास. बोट चारला सुटायची ती पाचला सुटली. वायफायचं पॅकेज दोन उपकरणांसाठी, आठवड्याचे ३०८ डॉलर. यापेक्षा स्वस्त पॅकेज होतं, पण त्यात फक्त निरोप आणि मेल. व्हिडिओ चालत नाही. घरातली माणसं पाच. आजी-आजोबा पुण्याहून आलेले, मुलगा-सून आणि बारा वर्षांची नात सिएटलजवळच राहणारे. उपकरणं दोनच जोडता येतात, म्हणजे एकाने बाहेर पडायचं तेव्हा दुसऱ्याने आत शिरायचं.

सुनेने आठवडाभर आधीपासून तयारी केली होती. नेटफ्लिक्सवर कार्यक्रम उतरवून ठेवायची सोय २०१६ पासून आहे. नातीच्या टॅबमध्ये दोन अख्ख्या मालिका, आजोबांसाठी ‘द डिसायपल’ हा चित्रपट, प्राइमवरून ‘पंचायत’ ही मालिका. एचडीत बघायचं तर तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. घरच्या वायफायवर रात्रभर उतरवायला तो जड जात नाही, समुद्रात फार जड जातो.

आजींचा प्रश्न मात्र उतरवून सुटणारा नाही. त्यांची थोरली बहीण, मुलाची मावशी, सांगलीत असते. रात्री साडेआठच्या मालिकेला दोघी आपापल्या घरी बसतात आणि मध्ये फोन चालू ठेवतात. तिकडचे साडेआठ म्हणजे सिएटलचे सकाळचे आठ. उद्यापासून बोटीची घड्याळं अलास्काच्या वेळेवर, एक तास मागे. म्हणजे सकाळी सात. आजींनी ते हातावर पेनाने लिहून ठेवलं आहे.

झोपायच्या सुमारास फोनवरच्या दांड्या गेल्या आणि तिथे एक अनोळखी नाव आलं. ते जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क, उपग्रहावरून चालणारं, दर महाग. बऱ्याच रोमिंग पॅकांत ते धरलेलं नसतं. आजोबांच्या भारतीय सिमच्या पॅकातही नाही. फोन खिशात असतानाच ते पकडतो, फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि आकडा कळतो तो घरी पोचल्यावर. सुनेने पाचही फोन गोळा केले, फ्लाइट मोड लावला, मगच वायफाय चालू केलं. बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाने पहिलं काम हेच करावं.

सोमवार, समुद्रावर

दिवस वाईट गेला. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने उघडा पॅसिफिक, बोट सतत डुलत होती. नात दोनदा ओकली. सुनेने दुपारचं जेवण सोडलं. आल्याच्या गोळ्या ९ डॉलर.

सात वाजता मालिका लागली, सव्वासातला थांबली. गोल फिरत राहिलं. आजींना वाटलं सांगलीला वीज गेली.

वीज गेली नव्हती. डेकवर वारा सोसवत नाही म्हणून सगळी बोट आत बसली होती आणि सगळी बोट नेटवर होती. जहाजाला येणारा डेटा ठरावीक असतो आणि तो हजारोंत वाटला जातो. रात्री अकरानंतर वेग दुपटीने वाढतो, हे मुलाने मोजून पाहिलं.

तरी आजची स्थिती पूर्वीपेक्षा खूप बरी. जुने दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. निरोप वर जायचा, खाली यायचा, उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली. यातच अर्धा सेकंद जातो आणि फोनवर दोन माणसं एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. अलास्काची अडचण आणखी वेगळी. इतक्या उत्तरेला तो उपग्रह क्षितिजापासून जेमतेम वीस-पंचवीस अंशांवर दिसतो. खाडीत शिरलं की मध्ये डोंगर, आणि डोंगरापलीकडे उपग्रह. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, संख्येने हजारो, सतत डोक्यावरून सरकणारे; एक डोंगराआड गेला तर दुसरा पकडता येतो. रॉयल कॅरिबियनने २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या ताफ्यावर ही सेवा घेत असल्याचं जाहीर केलं आणि नंतर बाकीच्या मोठ्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. बोटीवर बसून मालिका बघण्याची अपेक्षा माणसं सर्रास करू लागली ती त्यानंतर.

नातीने उतरवलेली एक मालिका आज उघडेना. काही कार्यक्रमांची मुदत पहिल्यांदा सुरू केल्यापासून ४८ तासच असते. सुरुवात तिने शनिवारी सकाळीच केली होती.

आजोबांनी केबिनमधल्या टीव्हीवर बोटीच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चॅनल लावलं आणि तेच दोन तास पाहिलं. त्यांना बरं वाटलं.

मंगळवार, जुनो

मालिका पूर्ण दिसली. लॉग-इन तीनदा करावं लागलं.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे जाणारा रस्ता नाही. विमानाने नाहीतर बोटीने. बोट दुपारी एकला लागली. मुलगा-सून आणि नात मेंडनहॉल हिमनदी पाहायला गेले, बस माणशी ४५ डॉलर. आजींचे गुडघे दुखत होते, म्हणून आजी-आजोबा धक्क्याजवळच फिरले. तिथे गाड्यांच्या तळाच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर गावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. खिडकीतून खाडी दिसते, खुर्च्या चांगल्या, वायफाय फुकट. लिफ्टही आहे. वर गेले तर अर्धी खोली जहाजांवरच्या कामगारांनी भरलेली. फिलिपिनो, इंडोनेशियन, भारतीय. प्रत्येकाच्या कानात इअरफोन, पण बोलत जवळजवळ कुणीच नव्हतं.

कोपऱ्यात बसलेला एकजण ओळखीचा निघाला. सकाळच्या नाश्त्याला आजींना चहा आणून देणारा. आजोबांशी चाललेलं आजींचं बोलणं त्याच्या कानावर पडलं आणि तो उठून आला. “आंटी, तुम्ही मराठी? हांव मडगांवचो.” मग त्याने मराठीत गप्पा सुरू केल्या, मध्ये मध्ये कोंकणी.

वडील तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, आजाही तारवटी. मुंबईच्या धोबीतलावला त्याच्या गावाचं कूड, म्हणजे गावकऱ्यांची उतरायची जागा, आहे, तिथे आजा राहून बोटीची वाट बघायचा. आता करार आठ महिन्यांचा, त्यातले तीन संपले. घरी बायको, आई आणि मुलगी. मुलगी दहावी झाली, अकरावीला विज्ञान घ्यायचं की वाणिज्य यावर घरात चर्चा चालू आहे आणि फॉर्म येत्या सोमवारी भरायचा आहे. बापाशी बोलल्याशिवाय मुलगी भरणार नाही म्हणते.

आजींनी विचारलं, मग बोलत का नाहीस, नेट तर आहे. त्याने फोनमधलं घड्याळ दाखवलं. जुनोत साडेतीन, मडगावात पहाटेचे पाच.

हा हिशोब ऐकण्यासारखा आहे. अलास्का भारताच्या साडेतेरा तास मागे. त्याला सुट्टी मिळते ती दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणांच्या मध्ये, दोन ते साडेचार. तेवढ्यात तो किनाऱ्यावर उतरू शकतो आणि तेव्हा घरचे झोपलेले असतात. घरी संध्याकाळ असते तेव्हा इकडे पहाट, आणि सहाला तो नाश्त्याच्या कामावर. रात्री साडेदहाला मोकळा होतो तेव्हा मडगावात दुपारचे बारा, मुलगी शाळेत चौकशीला गेलेली, बायको कामावर. राहिली वेळ पहाटे साडेपाचची. तेव्हा बोट समुद्रावर असते आणि बोटीवरचं नेट त्याला पगारातून विकत घ्यावं लागतं. व्हिडिओ कॉल लावला की ते भराभर संपतं. म्हणून फुकट वायफायवर तो घरच्यांच्या व्हॉइस नोट ऐकतो, त्यांना उत्तरं बोलून पाठवतो, आणि आईला आवडतात म्हणून यूट्यूबवरचे तियात्र, म्हणजे कोंकणी नाटकं, स्वतःही उतरवून घेतो, म्हणजे आईने काय पाहिलं ते त्याला कळतं. ग्रंथालयात तो बोलत का नव्हता ते तेव्हा समजलं.

समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी २००६ चा सागरी श्रम करार आहे. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. जहाजमालकांनी शक्य तितपत कामगारांना इंटरनेटसह संपर्काची साधनं द्यावीत आणि पैसे घेतलेच तर ते रास्त असावेत, असं ती सांगते. ‘शक्य तितपत’ आणि ‘रास्त’ या दोन शब्दांत खूप काही निसटतं. प्रवाशाला पलंगावर पडून चित्रपट बघण्याएवढा डेटा जिथे पोचतो, तिथे चहा देणाऱ्याला मुलीशी वीस मिनिटं बोलण्यापुरता तो फुकट पोचवणं अशक्य नाही.

चारला तो उठला. मागच्या वेळी धावावं लागलं होतं, म्हणाला.

बुधवार, ग्लेशियर बे

पहाटे राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या होडीतून येऊन बोटीवर चढले. इथे दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी बोटी सोडतात. मोबाईलची रेंज कुठेही नाही. रेंजर बाई ध्वनिक्षेपकावरून सांगत होत्या: १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेने पाहिलं तेव्हा ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली होती, १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ कित्येक किलोमीटर मागे गेला होता. ही त्याआधीपासून हूना त्लिंगिट लोकांची भूमी, पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांची गावं हटवली.

दहाच्या सुमारास बोट मार्जरी हिमनदीसमोर थांबली. सांगलीत रात्रीचे साडेअकरा. मावशी जाग्या राहिल्या होत्या. आजींनी मुलाकडून लॉग-इन घेतलं आणि कठड्याशी उभं राहून व्हिडिओ लावला. चित्र अडकायचं, सुटायचं. एक मोठा कडा कोसळला तेव्हा चित्र नेमकं थांबलेलं होतं, पण आवाज गेला. मावशी म्हणाल्या, “अगं, काय पडलं?”

शेजारी उभ्या एका गृहस्थांना हे आवडलं नाही. इथे येऊनही माणसं फोनमध्येच, असं ते बायकोला मोठ्याने म्हणाले. हे मत हल्ली फार सहज मिळतं. सांगलीच्या बाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्या आता विमानात बसणार नाहीत. त्यांना हा बर्फ दिसायचा तो बहिणीच्या हातातूनच. आजींनी फोन खाली घेतला नाही ते योग्यच केलं.

कॉल सहा मिनिटं टिकला. वाटाण्याचं सूप डेकवर फुकट.

गुरुवार, सिटका

ऊन. सगळ्यांची तब्येत बरी. धक्का गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर, बस मोफत. कॉफी आणि पाव, पाच जणांचे ५८ डॉलर, महाग.

१८६७ च्या १८ ऑक्टोबरला रशियाने अलास्का अमेरिकेच्या ताब्यात दिला तो समारंभ इथे टेकडीवर झाला. आजोबा निवृत्त टेलिफोन खात्यातले. त्यांना तोफांपेक्षा केबलमध्ये रस. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने ‘बर्नसाइड’ जहाजावरून सिएटल ते सिटका समुद्राखालून तार टाकली आणि १९०४ मध्ये अलास्का उरलेल्या अमेरिकेशी थेट जोडला गेला. तार येण्याआधी निरोप बोटीने जायचा, म्हणजे ही बोट आता ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यातून.

दुकानातल्या बाईंनी अलीकडची गोष्ट सांगितली. २०२४ च्या ऑगस्टअखेर सिटकाला येणारी ऑप्टिकल फायबर केबल समुद्राखाली तुटली. दोनेक आठवडे गाव जवळजवळ तुटलेलं. कार्ड चालेना, दुकानं रोखीवर, दवाखाना-शाळांची पंचाईत. मग जिथून मिळाल्या तिथून स्टारलिंकच्या थाळ्या आणून छपरांवर बसवल्या. आजोबांनी त्यांना इतके प्रश्न विचारले की परतीची बस चुकली. पुढची चाळीस मिनिटांनी. एकच धागा असला की असं होणार, दुसरा मार्ग हवाच, हे ते जेवतानाही सांगत होते. गाव बेटावर असो की बोटीवर.

शुक्रवार, केचिकन

पाऊस. रेनकोट दोन, ३८ डॉलर. टोटेम खांब पाहिले, तिकीट माणशी ६. इथे वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पडतो. रत्नागिरीहून जास्तच, पण कोकणासारखा चार महिन्यांत नाही, वर्षभर. सॅमनचं सूप चांगलं. बोट वीस मिनिटं उशिरा सुटली. चहा देणाऱ्याला आज किनाऱ्यावर सोडलं नाही, बोटीवर सुरक्षा कवायत होती. मुलीचा फॉर्म सोमवारी भरायचा.

शनिवार, व्हिक्टोरिया

दिवसभर समुद्र. घड्याळं पुन्हा एक तास पुढे. ‘द डिसायपल’ आजोबांनी दुसऱ्यांदा पाहिला, सलग. सून आणि नात ‘पंचायत’वर.

संध्याकाळी आठला कॅनडा. परदेशी झेंड्याखालच्या बोटीने अमेरिकी बंदरातून निघून तिथेच प्रवासी परत आणायचे तर मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावं लागतं, असा १८८६ चा कायदा आहे. म्हणून सिएटलहून सुटणाऱ्या बऱ्याच बोटी रात्री उशिरा का होईना व्हिक्टोरियाला थांबतात. बहुतेक प्रवासी उतरतही नाहीत.

कामगार उतरतात. साडेदहाच्या सुमारास आजी-आजोबा धक्क्यावर चक्कर मारायला गेले. कुंपणाच्या कडेने, दिव्यांखाली, माणसं उभी होती आणि या वेळी प्रत्येकजण मोठमोठ्याने बोलत होता. मडगावात रविवारची सकाळ, अकरा वाजलेले. चर्चमधली मिस संपवून घरचे परतले होते. तो फोन समोर धरून येरझाऱ्या घालत होता. त्याला आजी दिसल्या तेव्हा त्याने फोन वळवला आणि त्यांना मुलगी दाखवली. चष्मा, दोन वेण्या. वाणिज्य घेणार म्हणाली. बापाला विज्ञान हवं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण त्याने भरू दे म्हणून सांगितलं. आजी तिला म्हणाल्या, आमच्याकडे पण सुनेने वाणिज्यच केलं. मग त्या बाजूला झाल्या, त्याच्या वेळेतली तीन मिनिटं गेली होती.

रविवार, सिएटल

बोटीवरचं बिल: टिप पाच जणांची सात दिवसांची ५९५ डॉलर, कपडे धुणं ४०, वायफाय आधीच भरलेलं. उतरायला सव्वा तास. बोट दुपारी चारला नव्या प्रवाशांसह पुन्हा त्याच मार्गाने.

न्याहारीनंतर मुलाने टॅबवरचा अभिप्रायाचा फॉर्म भरला. खोली, जेवण, वायफाय. वायफायला पाचापैकी चार. शेवटी सूचनेची चौकट होती. ती तो मोकळी सोडणार होता. आजींनी सांगितलं तसं त्याने लिहिलं: कामगारांना घरी बोलण्यापुरतं नेट मोफत द्यावं, आणि पहाटे पाच ते सहा त्यांचा वेग प्रवाशांच्या आधी राखून ठेवावा. आजींनी ते मोठ्याने वाचून घेतलं, मग पाठवायला सांगितलं.