‘ध्रु’ आणि फंक्शन

मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणक शिकवण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. देहूत आमच्या आळीतल्या मराठी माध्यमाच्या सहा मुलांना पायथन शिकायचे होते आणि मला थोडेफार येत होते, एवढाच तो अधिकार! तळवड्याच्या आयटी पार्ककडे जाणाऱ्या बसगाड्या ही मुले रोज पाहतात. पण त्या बसमध्ये बसायला इंग्रजी लागते, हे त्यांच्या मनाने आधीच घेतलेले.

त्यामुळे विचारापेक्षा शब्दच आडवा येई. ‘स्ट्रिंग’ म्हटले की चेहरे गंभीर. वास्तविक स्ट्रिंग म्हणजे दोरा, लूप म्हणजे वेढा, बग म्हणजे किडा. इंग्रज पोराच्या घरातले हे शब्द. पांडित्य दिसते ते आपल्याला.

मग मराठी प्रतिशब्द द्यावेत काय? व्हेरिएबलला ‘चल’ हा शब्द आहेच. दहावीच्या पुस्तकात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण आहे. पण गंमत पाहा. मी फळ्यावर ‘क = क + १’ लिहिले, तशी एक मुलगी म्हणाली, “दादा, हे कसं होईल? दोन्हीकडचा क गेला की शून्य बरोबर एक!” बीजगणिताच्या दृष्टीने तिचे खरेच होते. येथे ते चिन्ह बरोबरी सांगत नाही; उजवीकडची किंमत काढा आणि डावीकडच्या नावाला द्या, असे सांगते. १९६० च्या अल्गोल भाषेत या चिन्हाआधी दोन टिंबे देऊन ते वेगळे केलेले होते. फोर्ट्रानने १९५७ सालीच साधे चिन्ह घेतले होते, आणि पायथनही त्याच वाटेने गेले. म्हणजे ओळखीचा मराठी शब्दही कधी चकवतो. शब्द इंग्रजी राहू द्यावा, उलगडा मराठीत करावा, असे माझे मत झाले.

‘फंक्शन’पाशी मात्र माझे सारे उलगडे थकले. तेव्हा भजनात टाळ धरणारा एक मुलगा हळूच म्हणाला, “गाथेतल्या ‘ध्रु’सारखं का?”

अगदी तसेच! छापील गाथेत ध्रुपदाची ओळ एकदाच येते, तिच्यापुढे ‘ध्रु’ अशी खूण. गाताना मात्र चरण संपला की टाळकरी त्या ओळीवर येतात, आणि ती म्हणून झाली की थेट पुढच्या चरणावर. एकदा लिहायचे, हवे तेव्हा बोलवायचे, आणि काम झाल्यावर सोडल्या जागी परतायचे. हे परतणेच नवख्याला उमगत नाही. या मुलांच्या ते कानांत होते.

“पण ध्रुपद दर वेळी तेच असतं ना?” त्या मुलीने पुन्हा अडवले. फंक्शनला दर वेळी निराळी किंमत देता येते. तेथे ही उपमा संपते. ती तशी संपल्यावरच मला पुढचा धडा घेता आला.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, नावे देवनागरीतही चालतात. ‘इफ’, ‘फॉर’ तेवढे इंग्रजी. परवा तिने वडिलांच्या तुळशीमाळांच्या दुकानासाठी ‘नग’ आणि ‘दर’ घेऊन हिशेब करणारे फंक्शन लिहिले. त्याचे नाव ठेवले ‘ध्रु’. नावावरून काम कळावे, असे मी सुचवले. तिने ते खोडून ‘एकूण’ केले.