आज पुनव हाय!

आम्ही आष्टीचे असे सांगितले, की समोरचा हमखास विचारतो, “कोणती आष्टी?” त्याचा दोष नाही. महाराष्ट्रात आष्ट्या फार. १८१८ साली बापू गोखले जिथे पडले ती सोलापूरकडची. १९४२ च्या चळवळीत जिचे नाव गाजले ती वर्ध्याकडची. तालुक्याचे ठिकाण म्हणून मिरवते ती बीडची. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इतिहासात आम्ही कुणाच्या फारसे अध्यातमध्यात नाही.

समुद्राच्या तर मुळीच नाही. आमच्या शिवारात पडलेला थेंब शेवटी गोदावरीत जातो. ही गोदावरीही गंमतीची बाई. त्र्यंबकेश्वराला जन्मते, तिथून पश्चिमेचा समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून जवळजवळ दीड हजार किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या पाण्यानेच ज्या समुद्राकडे पाठ फिरवली, तिकडे आम्ही तरी कशाला जावे? पण मिस्त्रीने जुनी जीप घेतली, आणि मास्तरांनी नकाशा काढला.

मंडळी चार. जीपवाला मिस्त्री, भूगोलाचे मास्तर, पाटील, आणि डबे उचलायला मी. बेत असा, की हॉटेलात राहायचे नाही. तंबू घ्यायचा, जिथे माणूस नाही अशी पुळण गाठायची आणि तिथेच रात्र काढायची. पाटील आढेवेढे घेत होता. २०१२-१३ च्या दुष्काळात त्याची मोसंबीची बाग वाळली. फळ देणारी झाडे त्याने स्वतःच्या हाताने तोडली. पुढे धीर करून पुन्हा लावली. तिच्यासाठी तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे गेले. आता चौथ्याची बोलणी चालली होती, आणि ह्या खेपेला साडेसातशे फूट जायचे असे ठरत होते. पैसे कुठून, हे त्याने आम्हांला सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. “आठ दिवसांनी गाडी येणार आहे बोअरची,” एवढेच तो म्हणाला. मास्तर म्हणाले, “आठ दिवसांत परत येऊ.”

पौषातल्या एका पहाटे निघालो. गोदावरी ओलांडली, माजलगाव मागे टाकले, बीड आले. दुपारी एका पाटीवर ‘आष्टी’ वाचून मिस्त्रीने करकचून ब्रेक मारला. “मास्तर, फिरून घरीच आलो की!” ती बीडची आष्टी. पुढे अहिल्यानगर, पुणे. पुण्यात मुक्काम करून ताम्हिणी घाट उतरलो, आणि माणगाव, म्हसळे करीत बागमांडल्याला बाणकोटच्या खाडीवर आलो. इथे जीपसकट फेरीबोटीत चढायचे. पाटील जीपमधून उतरेना. “गाडी बुडली तर आत असलेलं बरं का बाहेर?” असे त्याने अगदी मनापासून विचारले.

पलीकडे वेळास. नाना फडणविसांचे हे मूळ गाव, पण आज लोक जातात ते कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ च्या सुमारास इथे समुद्रकासवांची अंडी राखायचे काम सुरू केले, आणि गावाने ते आपले मानले. आम्ही तंबूचा विषय काढताच गावकऱ्यांनी हात जोडले. कासवीण रात्री अंडी घालायला वर येते. किनाऱ्यावर दिवा नको, विस्तव नको, माणूस नको. आम्ही मुकाट्याने एका घरात पथारी पसरली. एक रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी मंडणगडाच्या अंगाने वळसा घेऊन केळशी गाठली, आणि तिथून आडे, पाडले करीत आंजर्ल्याकडे निघालो. हा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो, की खिडकीतून हात बाहेर काढला तर ओला होईल असे वाटते. वाटेत मनासारखी जागा सापडली. सुरूची झाडे, केवड्याचे बन, चारसहा घरे आणि निर्मनुष्य पुळण. सूर्य मावळत होता. समुद्र लांब, पार लांब गेलेला. समोर खळ्यासारखी चोपून काढलेली सपाट वाळू. मिस्त्रीने पायाने ठोकून पाहिली आणि म्हणाला, “याच्याइतकी पक्की जमीन आपल्या गावात नाही.” तंबू तिथेच उभा राहिला. जीप मात्र वर सुरूखाली ठेवली. ते शहाणपण नव्हे, मिस्त्रीचे जीपवरचे प्रेम.

पाटील चालत पाण्यापर्यंत गेला. ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकला. पुष्कळ वेळ तिथेच उभा होता. परत येऊन म्हणाला, “एवढं पाणी, अन्‌ बैलाला पाजायला घोटभर नाही.”

एक म्हातारी गाय घेऊन घरी चालली होती. ती थांबली, तंबूकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले.

“हितं निजताव?”

“होय आजी.”

“आज पुनव हाय,” ती म्हणाली, आणि गेली.

मागे डोंगरावर चंद्र येत होता. मास्तर गहिवरले. “पाहा,” म्हणाले, “ह्या लोकांची रसिकता!”

आजीची रसिकता आम्हांला मध्यरात्री कळली. प्रथम पाय गार लागले. मग मिस्त्रीची चप्पल माझ्या उशाशी आली. पौर्णिमेला आणि अवसेला उधाणाची भरती, आणि ह्या किनाऱ्यावर ती बारा वाजण्याच्या सुमारास पुरी चढते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्यात भूगोलाचे मास्तर होते. तंबू ओढत, डबे शोधत, एकमेकांना शिव्या देत आम्ही वर पळालो. एक पातेले समुद्राने नेले. आजी कंदील घेऊन अंगणात उभीच होती. “सांगितलं हुतं,” एवढेच म्हणाली, आणि पडवी उघडून दिली.

सकाळी पाटील अंथरुणात नव्हता. परसात विहिरीवर होता. भरतीची ओली रेघ तिथून शंभर पावलांवर; विहीर अशी, की पाणी दहा-बारा हातांवर दिसावे. त्याने कळशी ओढली, चाखली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू कुणी त्याची थट्टा करीत आहे. “गोड आहे,” तो म्हणाला.

मास्तरांना रात्रीची भरपाई करायचीच होती. त्यांनी समजावून दिले. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी हलके, खारे जड. म्हणून जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका डच आणि एका जर्मन माणसाने ह्याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असले, तर खाली सुमारे चाळीस फूट असते. पण उलटेही तितकेच खरे. वरचे एक फूट उपसले, तर खारे पाणी खालून चाळीस फूट वर यायला बघते.

“म्हंजे जास्त ओढलं की संपलं,” पाटील म्हणाला.

आजीने पलीकडच्या वाडीकडे हात केला. तिथे पंप बसवला होता, दिवसरात्र चालवला. दोन उन्हाळ्यांत पाणी मचूळ झाले, माड पिवळे पडले. “ही हीर माझ्या सासऱ्याची,” ती म्हणाली. “सांजच्याला चार कळश्या. जास्ती नाय.” दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे सातशेच्या आसपास, तरी वैशाखात कोकणातल्या गावांनाही टँकर लागतात. पाणी किती पडते, एवढ्यावर भागत नाही.

परतीच्या वाटेवर घाट चढून आल्यावर पाटील एकदम म्हणाला, “मास्तर, आपल्या खाली काय आहे?” मास्तर म्हणाले, “काळा कातळ. पाणी असलंच तर वरच्या मुरमात अन्‌ भेगांत. खोल गेलं म्हणजे मिळतंच असं नाही.” पाटील पुढे काही बोलला नाही. माजलगाव जवळ आले तेव्हा त्याने फोन लावला आणि बोअरच्या गाडीवाल्याला सांगितले, की यंदा राहू द्या.

उन्हाळ्यात त्याने आजोबांची बुजलेली विहीर उपसून गाळ काढला, बांधाला चर खणले आणि निम्म्या बागेला ठिबक केले. उरलेल्या निम्म्या बागेचे काय करायचे, हे अजून ठरलेले नाही. परवा मी विचारले, “विहिरीला पाणी कसं काय?”

“आत्ता काय विचारता?” पाटील म्हणाला. “दिवाळीत सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. चैत्रात विचारा.”