भार पेलतं ते पाणी

मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून मी आधी पोलाद आणि रबराच्याच चाचण्या करायचो. पुढे सांध्यांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेलो आणि हातात बकऱ्याचा गुडघा आला. सकाळीच खाटकाकडून ताजा आणायचा आणि सुकू नये म्हणून सलाइनमध्ये ठेवायचा. सांधा उघडला की हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, चकचकीत थर दिसतो. बोट टेकवलं तर घसरतं. ही कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात ती साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड असते, बकऱ्याची त्याहून पातळ.

यंत्राची बारीक दांडी तिच्यावर टेकवून भार दिला. पोलाद जेवढं दबायचं तेवढं लगेच दबतं आणि आलेख आडवा होतो. इथे भार तोच ठेवला तरी रेघ उतरतच राहिली, स्थिरावायला बराच वेळ गेला. भार काढून सलाइन ओतल्यावर थर हळूहळू फुगून वर आला. मी खुर्चीवरून हललो नाही.

कूर्चेच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजनचे धागे आणि त्यांच्या जाळीत अडकलेले प्रोटिओग्लायकन. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि पाणी ओढून धरतात. स्पंजचा दाखला सगळेच देतात, पण मला तो पटत नाही. स्पंजमधलं पाणी दाबताक्षणी निघून जातं. इथल्या वाटा इतक्या अरुंद, की पाण्याला चटकन निसटता येत नाही. त्यामुळे पाऊल पडताच बहुतेक भार आतल्या पाण्याचा दाबच पेलतो, जाळीवर तो सावकाश येतो. संशोधक व्हॅन माव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे गणितात मांडलं.

मग एक नमुना ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवून त्यातले प्रोटिओग्लायकन काढून टाकले. दिसायला तो तसाच होता, पण दांडी टेकताच रेघ झरझर खाली गेली. संधिवाताच्या झिजेतही सुरुवातीला असंच होतं. प्रोटिओग्लायकन घटतात, जाळी सैल होते, पाणी उलट वाढतं. पण दाबाखाली टिकत नाही आणि धाग्यांवर ताण येतो. कूर्चेत ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. ती स्वतः दुखत नाही आणि भरून येणंही फार अवघड.

साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर. ते कमी झालेलं दिसेपर्यंत बराच थर गेलेला असतो. त्याआधीच बिघाड ओळखता यावा, यासाठी सध्या मी निरोगी आणि बिघडलेल्या नमुन्यांच्या या उतरत्या रेघा शेजारी-शेजारी ठेवून तपासतो आहे.