ओझं कोणाचं?

'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' हा दुसऱ्या महायुद्धावरचा बोर्ड गेम. १९७७ च्या 'स्क्वॉड लीडर'मधून वाढलेला, अ‍ॅव्हलॉन हिलने १९८५ साली आणलेला. षटकोनी घरांचे नकाशे, पुठ्ठ्याचे चिमुकले काउंटर आणि फाइलमध्ये लावायचं जाडजूड नियमपुस्तक. शनिवारीही स्पेसिफिकेशन वाचत बसणाऱ्या आमच्यासारख्यांसाठीच बनवलाय म्हणा ना!

यातले ओझ्याचे नियम माझे विशेष आवडते. एका स्क्वॉडला चालायला ४ गुण, ओझं वाहायची क्षमता ३. त्यावरच्या प्रत्येक गुणामागे चालीतला एक गुण कटाप. जर्मनांची जड मशिनगन ५ गुणांची. म्हणजे चालायला उरले २! मोकळ्या घराला १ आणि इमारतीत शिरायला २ लागतात, त्यामुळे गल्ली ओलांडतानाच गडी उघड्यावर सापडणार. सोबत लीडर असला तर चालीत २ ची भर, शिवाय त्याची १ गुणाची क्षमता स्क्वॉडला उसनी मिळते. धावत गेलं तरी २ वाढतात, पण क्षमता १ ने घटते आणि दमलेल्यांचा नेम बिघडतो.

आता परवाचा वाद. मित्राकडे स्क्वॉड, ती मशिनगन आणि लीडर. लीडरच्या हातात १ गुणाची स्फोटकं. समोर तीन घरांचा मोकळा चौक, पलीकडे इमारत. एकूण ५ गुण हवेत. धावायचं नव्हतं, गन खोलून न्यायची नव्हती. त्याचं म्हणणं, लीडर स्फोटकंही धरेल आणि क्षमताही उसनी देईल.

"दोन्ही एकदम करता येत नाही असं कुठे लिहिलंय?"

"करता येतं असं तरी कुठे लिहिलंय?"

हा खेळ खेळणाऱ्यांचं ब्रीदच आहे: नियम काय करू देतात ते बघा. त्यांनी काय काय अडवलं नाही याची यादी काढायला बसलात, तर सकाळ होईल.

मग त्याने वास्तव काढलं. "अरे, दहा माणसांना तेवढा गठ्ठा जड होतो का?" मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण एमजी ४२ साडेअकरा किलोची, तिची तिवई वीसेक किलोची, वर काडतुसांच्या पेट्या. 'एवढंसं काय होतंय' म्हणत एकेक वस्तू वाढते, तेव्हाच माणूस चौकात अडकतो. ओझ्याची किंमत वेळात मोजायची, हेच तर तो नियम सांगतो.

माझे शिपाई त्याच चौकावर नेम धरून बसले होते, त्यामुळे मी काही तटस्थ पंच नव्हतो. म्हणून मनातल्या मनात बोर्ड फिरवून पाहिला. लीडर माझा असता तर? उत्तर तेच आलं: एक क्षमता, एकदाच वापर. नियमाचा अर्थ लावताना ही एवढी चाचणी पुरते.

पठ्ठ्याने स्फोटकं तिथेच टाकली. मग हिशोब जुळला: ६ मधून १ गेला, उरले ५. माझ्या गोळीबारातून सुखरूप निघून तो इमारतीत पोचलासुद्धा. नियम माझा, इमारत त्याची :-)

असो. सोमवारी प्रोजेक्ट प्लॅन उघडलात तर बघा, एकाच माणसाचे तेच आठ तास दोन शीटमध्ये मोजलेत का. मोजले असतील, तर आधी विचारा: टाकायचं काय?