गाठवलेले मोती

पणजीचा तन्मणी आजीकडून आईकडे आणि माझ्या लग्नात माझ्याकडे आला. येताना एक वाक्यही सोबत आलं: "अस्सल बसरा आहेत हो, जप." आजी तो हळदीकुंकवाला हौसेनं घालायची. घामानं मोती मळतात म्हणून आई घालायला कचरायची, आणि मी तर तो सरळ लॉकरमध्ये टाकला. मुलीच्या लग्नात बाहेर काढला, तेव्हा विहीणबाईंनी सहज विचारलं, "खरे आहेत का?"

मी होच म्हटलं. दातावर घासून कितीदा तरी पाहिलेले होते. करकरला तर मोती, गुळगुळीत लागला तर काच. परीक्षा चांगली, पण तोकडी. जपानचा कल्चर मोतीही करकरतो, कारण त्याच्यावरचा थर शिंपल्यातल्या जिवानंच चढवलेला असतो.

तरी माझी भिस्त सनावर होती. पणजीचं लग्न 1912चं. जपानच्या मिकिमोतोनं 1893 साली अर्धगोल मोती पिकवले खरे, पण गोल कल्चर मोत्यांनी बाजार भरला तो 1920 नंतर. पुढं त्यांनी आणि जागतिक मंदीनं मिळून बहारीनच्या पाणबुड्यांचा धंदा बसवला. बसरा हे तर नुसतं बाजारपेठेचं नाव, मोती आखाताच्या पाण्यातले. मग पणजीच्या गळ्यात जपान येईल कुठून?

खात्रीसाठी तन्मणी तपासायला दिला. प्रयोगशाळेतल्या एक्स-रेत बऱ्याच मोत्यांना पार गाभ्यापर्यंत कांद्यासारखे पापुद्रे दिसले. काहींच्या पोटात मात्र चक्क गोल मणी होता! असे मणी मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या शिंपा कापून घडवत आणि जपानला धाडत. खोडाजवळचे, म्हणजे मधल्या पदकाजवळचे, दोन तर काचेचे निघाले. भिंगातून भोकाच्या कडेला मुलामा सोललेला दिसत होता.

सन पणजीच्या लग्नाचा होता, मोत्यांचा नव्हता. रेशीम कुजतं, पदर तुटतो, मोती घरंगळून कोनाड्याखाली जातात. दर पिढीत तन्मणी पटवेकऱ्याकडे गाठवायला गेला, आणि हरवलेल्याच्या जागी मापाचा जो मिळाला, परवडला, तो बसला. काचेचे दोन बहुधा आईच्या ओढगस्तीतले. फसवणुकीचा संशय मला येत नाही. हिशेब लिहून ठेवायची पद्धत आमच्याकडे नव्हती, एवढंच.

"बसरा तेवढे वेगळे काढू? भाव येईल," पटवेकरी म्हणाले. मी सगळे होते तसेच गाठवायला सांगितले. कुठल्या पदरात कुठला मोती, याची यादी मात्र करून घेतली आणि मुलीला तन्मण्यासोबत दिली. तिनं वाचली आणि म्हणाली, "सासूबाईंना आत्ताच दाखवायची का?"