चष्म्याच्या डबीतील दुरुस्ती

साठीनंतर गडावर जाणाऱ्यांना औषधांची पिशवी घ्या, असे सांगावे लागत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, सारे आठवणीने भरले जाते. पायांतील बूट आणि हातातील काठी यांच्यासाठी मात्र पिशवीत काहीच नसते. वास्तविक उतारावर आपला सारा भरवसा या दोन वस्तूंवरच असतो.

माझी दुरुस्तीची पेटी म्हणजे चष्म्याची जुनी डबी. तीत दाभण, मेण लावलेला दोरा, चार मीटर बारीक नायलॉनची दोरी, सेफ्टी पिना, लहानशी कात्री आणि काठीचे एक जादा रबरी बूच असते. कापडी चिकटपट्टी मी काठीलाच गुंडाळून ठेवते. सर्वांचे वजन पाव किलोही भरत नाही. दोरा घरीच ओवून नेते. भर वाऱ्यात नेढे शोधत बसणे आमच्या डोळ्यांना झेपणारे नव्हे.

गेल्या मार्गशीर्षात राजगडावर पाली दरवाजाच्या वाटेने चढताना माझ्या धाकट्या दिरांच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला. "अहो वहिनी, बूट तर नवेच आहेत," ते म्हणाले. दिसत होतेही नवे. फक्त सहा वर्षे कपाटात होते. अशा कित्येक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतील आर्द्रतेने तो हळूहळू ठिसूळ होतो, मग बूट वापरात असोत वा नसोत. घरी अंगठ्याने दाबून पाहिल्यास कधी कडेला भेगा दिसतात, कधी भुगा हाती येतो.

प्रथम धूळ पुसून चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. पण नुसती पट्टी खडकावर लवकर झिजते आणि घसरतेही. म्हणून तीवरून दोरी तळाखालून आडवी घेतली, वर फुली घातली आणि गाठ पावलाच्या वर बांधली. गाठ तळाखाली आली तर पाऊल डगमगते. डावा बूटही तसाच बांधला, कारण त्याचेही वय तेवढेच! भावोजींना मधुमेह आहे. पायांची संवेदना मंदावलेली असली तर दोरी काचल्याचे कळत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने थांबवून दोरीखाली बोट सरकते का, ते मी पाहत होते.

त्यांना बालेकिल्ला गाठायचा होता. "भावोजी, ही बांधणी उतरण्यापुरती आहे," एवढेच मी म्हटले. ते रागावले आणि पायथा येईपर्यंत बोलले नाहीत. खाली आलो तेव्हा उजव्या तळाखालच्या दोरीचा एकच पीळ शिल्लक होता. तो त्यांनी स्वतःच मला दाखवला.

घरी सासूबाईंच्या काठीचे बूच मी दर महिन्याला उलटे करून पाहते. रबरावरील खाचा पुसट झाल्या की नवे बसवते; औषधांच्या दुकानात ते मिळते. मात्र जुने बूच बरोबर न्यावे, मापात फरक असतो.