पिवळा दिवा

नवा संगणक स्वहस्ते जुळवावा ही बुद्धी आम्हांस बहुधा अहंकाराने दिली. १९९८ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून आम्ही पहिला संगणक उभा केला होता आणि त्या पराक्रमाचे व्याज आम्ही अजून खात आहोत. २०२४ च्या जुलैत अण्णांचा जुना डबा बंद पडला, तेव्हा दुकानातून तयार यंत्र आणणे आम्हांस कमीपणाचे वाटले.

अण्णा आमचे वडील. वय ८४. राजापूर तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत काढलेल्या वर्षांबद्दल ते लिहीत होते. ११२ पाने झाली होती. हात कापतो म्हणून कागद सुटला. लॅपटॉपच्या कळा बोटांना सापडत नाहीत. सांगा, आम्ही उतरवून घेतो, म्हटले तर "तुझे ऱ्हस्व-दीर्घ मला ठाऊक आहेत" एवढे बोलून गप्प. लिहिलेले सारे पेनड्राइव्हवर सुरक्षित होते. प्रश्न न लिहिलेल्याचा होता. सकाळी आठवलेली मुलांची नावे दुपारपर्यंत निसटत होती, आणि यंत्राविना आठ दिवस गेले होते.

नवव्या दिवशी आम्ही बटण दाबले. पंखे फिरले, पडदा काळाच.

जुनी यंत्रे निदान बोलत. एक छोटा बीप म्हणजे सर्व कुशल. लांबलचक किंवा पुन्हापुन्हा वाजला की मेमरी नाहीतर डिस्प्ले कार्ड तपासावे. हल्ली बऱ्याच डब्यांत तो चिमुकला भोंगाच नसतो. मुक्या रोग्यापुढे बसलेल्या वैद्यासारखे आम्ही बसलो. तासाभराने दिसले की मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला, प्रोसेसरला वीज पुरवणारा ८ पिनांचा जोड रिकामाच आहे. २४ पिनांचा मोठा जोड लावण्याच्या उत्साहात तो राहून गेला होता. शरमलो, लावला. पंखे फिरले, पडदा काळाच.

अशा वेळी वजाबाकी करायची असते, आणि तीच माणसाला जड जाते. ऐटीने बसवलेले एकेक अंग आम्ही उतरवले. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, त्याचा पंखा, मेमरीची एकच पट्टी आणि वीज, बस. डब्याचे बटणही नाही. ज्या दोन पिनांना बटणाची वायर जोडतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले की यंत्र सुरू होते. झालेही. मेमरीजवळचा पिवळा दिवा लागला आणि तसाच राहिला. अर्धा मिनिट वाट पाहून आम्ही वीज तोडली. पट्टी बदलली, खाच बदलली. पिवळा दिवा, वीज बंद. असे पाच वेळा.

"सुरू झाला का रे?" अण्णांनी तिसऱ्यांदा विचारले. आम्ही जरा चिडूनच सांगितले, की मेमरी खराब दिसते, परत करावी लागेल.

"नवं पोर वर्गात आलं की पहिल्याच हाकेला नाव सांगतं होय?" अण्णा म्हणाले. "जरा थांब की."

यंत्रास बालमानसशास्त्र लागू नाही, असे आम्ही मनात म्हटले आणि, लाज वाटते सांगताना, केवळ चिडून पुस्तिका उघडली. बारीक अक्षरांत लिहिले होते: पहिल्या वेळी मेमरीची जुळवणी होईपर्यंत काही मिनिटे पडदा काळा राहील, वीज तोडू नये. डीडीआर-५ मेमरीचा वेग असा, की प्रोसेसर आणि पट्टी यांच्यातल्या प्रत्येक वाटेवरून संकेत नेमका केव्हा पोहोचतो हे यंत्र आधी चाचपून पाहते, जमलेले माप टिपून ठेवते आणि पुढच्या वेळी तेच वापरते. चाचपणी अर्ध्यावर तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे बिघाड दुरुस्त झाल्यापासून, त्या पाचही वेळा, यंत्र सुरूच होत होते, आणि दर खेपेस आम्हीच त्याची मान मुरगळत होतो.

सहाव्यांदा स्क्रूड्रायव्हर टेकवला. पिवळा दिवा लागला. "अहो, चहा निवतोय," आतून हाक आली, तसे आम्ही उठलो. समोर बसलो असतो तर हात प्लगकडे गेलाच असता.

चहा अर्ध्यावर असताना अण्णांचा आवाज आला, "अरे, काहीतरी लिहून आलंय. एफ-वन दाबा म्हणतोय." आम्ही येईपर्यंत त्यांनी चष्मा लावून कळफलक मांडीवर ओढला होता आणि कापरे बोट वरच्या ओळीत एफ-वन शोधत होते.